दोनदा हद्दपार, तरी लेफ्टनंट जनरल! हे सेवापुस्तक वाचायचं कसं?

जावकबारनिशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतिहास माझा विषय नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. माझी ३१ वर्षं आस्थापना शाखेत गेली. निम्मी सेवापुस्तकं लिहिण्यात आणि निम्मी इतरांनी लिहून ठेवलेली निस्तरण्यात. त्यामुळे कुणाचंही चरित्र कानावर आलं की मी ते मनातल्या मनात रकान्यांत भरायला लागते. खोड आहे, जाणार नाही.

मुलगी जॉर्जियात, तिबिलिसीला, डॉक्टरकी शिकते. ऑक्टोबरात तिच्याकडे गेले होते. द्राक्षतोडणीचे दिवस होते, तिकडे त्याला 'र्तवेली' म्हणतात. एका रविवारी तिने मला काखेतीत, म्हणजे देशाच्या पूर्वेकडच्या भागात, नेलं, तेलावीजवळच्या त्सिनांदालीला. तिथे चावचावाद्झे घराण्याचा वाडा आहे, आता संग्रहालय. लाकडी सज्जे, मोठ्ठी बाग, आणि तळघरात १६ हजारांवर जुन्या बाटल्या. १८४१ सालची सापेरावी (लाल वाइन) आहे म्हणे त्यात. मुलीने माझे तळघरातले फोटो काढले, ते मी कुणाला दाखवलेले नाहीत.

वाड्याचा मूळ मालक अलेक्झांद्र चावचावाद्झे. गाइड बाई भरभर सांगत गेल्या, मी तिकिटाच्या मागे टिपून घेतलं. जसंच्या तसं देते:

जन्म १७८६, सेंट पीटर्सबर्ग. धर्ममाता साक्षात सम्राज्ञी कॅथरीन. १८०४, वय १८: रशियाविरुद्धच्या बंडात सामील, अटक, रशियातल्या तांबोव्हला हद्दपार. पुढे रशियाच्याच फौजेत अधिकारी. १८१२: काखेतीतल्या बंडखोरांवर चाल, जखमी. १८१४: पॅरिस. १८२८: आर्मेनियन प्रांताचा प्रमुख. १८३२: कट, पुन्हा अटक. १८३४: पुन्हा तांबोव्ह. १८४१: लेफ्टनंट जनरल. १८४६: घोडागाडीच्या अपघातात मृत्यू. शिवाय कवी. शिवाय वाइनवाला.

हे पुस्तक माझ्या टेबलावर आलं असतं ना, तर मी शेरा मारून परत पाठवलं असतं: 'दोन कर्मचाऱ्यांच्या नोंदी एकाच पुस्तकात झाल्याचे दिसते. खुलासा व्हावा.'

गाइड बाईंना विचारलं तर त्या हसल्या, 'आमच्याकडे तेव्हा असंच होतं' म्हणाल्या आणि वाइनच्या पेल्यांकडे वळल्या. माझं काही समाधान झालं नाही. सरकारला हा माणूस चालला कसा? आणि त्याहून मोठा प्रश्न, याला ते सरकार चाललं कसं?

---

तळटीप

पगार आणि जमीन. उत्तर संपलं, ताई.

---

जावकबारनिशी

पगारासाठी माणूस काय काय गिळतो ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळे तुमचं म्हणणं उडवून लावत नाही. पण पगारासाठी गप्प बसणारा माणूस गप्पच बसतो हो. हा दर पंचवीस-तीस वर्षांनी अटकेत जातोय.

---

मत्स्मिंदाची पायरी

मी ६ वर्षं तिबिलिसीत राहिले, थोडंफार वाचलंय. जमेल तसं सांगते, लांबलं तर रागावू नका.

आधी एक गंमत. ही नावं इंग्रजीतून वाचणाऱ्यांची जीभ अडखळते, आपली अडखळायचं कारण नाही. त्सिनांदालीतला पहिला उच्चार म्हणजे आपल्या 'चाका'तला च. चावचावाद्झेमधले दोन्ही च 'चार'मधले. आणि शेवटच्या द्झेमधला ज म्हणजे 'जावया'तला ज. झालं.

आता मुद्दा. ताई, तुम्ही पुस्तक १७८६ पासून उघडलंत. मला वाटतं ते ३ वर्षं आधी, बापापासून उघडायला हवं. बाप गार्सेवान चावचावाद्झे. १७८३ च्या उन्हाळ्यात गेओर्गियेव्हस्कच्या किल्ल्यात जो तह झाला, त्यावर जॉर्जियाकडून दोघांच्या सह्या आहेत, त्यातली एक गार्सेवानची. कार्तली-काखेतीचा राजा एरेक्ले दुसरा म्हातारा होत चालला होता. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला तुर्क, वरून दागेस्तानातल्या टोळ्यांच्या धाडी. त्याने रशियाचं छत्र पत्करलं. परराष्ट्र व्यवहार रशियाच्या हाती, पण गादी बाग्रातिओनी घराण्याकडेच राहील असा करार. आणि त्यात एक कलम असं की जॉर्जियन सरदारांना रशियन सरदारांइतकाच मान आणि हक्क मिळतील. हे कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गार्सेवान मग पीटर्सबर्गला एरेक्लेचा वकील म्हणून राहिला. म्हणून पोरगा तिथे जन्मला आणि म्हणून कॅथरीन धर्ममाता. म्हणजे हा मुलगा रशियन दरबारात जन्मला, पण परक्या राजाच्या वकिलाच्या घरी. हा फरक त्याला कळत असणार.

पुढे काय झालं? १७९५ मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानाने तिबिलिसी जाळली. रशियाची मदत पोचली नाही. १७९८ मध्ये एरेक्ले गेला, १८०० च्या अखेरीस त्याचा मुलगा गिओर्गी बारावा गेला, आणि १८०१ मध्ये रशियाने गादीच रद्द करून राज्य खालसा केलं. ज्या बापाने तहावर सही केली होती, त्याच बापावर पीटर्सबर्गमध्ये निषेधाचा खलिता द्यायची वेळ आली. १८०२ च्या वसंतात जनरल क्नोरिंगने तिबिलिसीतल्या सरदारांना सिओनीच्या चर्चमध्ये बोलावलं, बाहेर फौज उभी केली आणि आत शपथ घ्यायला लावली.

मी त्या चर्चमध्ये कितीदा तरी गेलेय. आतून फार मोठं नाही. दारं अडवली तर कुठे जाणार?

तर १८०४ चं बंड हे या सगळ्यानंतर दोनच वर्षांनी. मूळ बंड डोंगरातल्या म्तिउलेती भागातल्या लोकांचं. कॉकेशस ओलांडणाऱ्या लष्करी रस्त्यावर त्यांना वेठबिगारीला जुंपलं होतं. एरेक्लेचा मुलगा पार्नाओझ त्यांना जाऊन मिळाला, आणि त्याच्यामागे आपला हा १८ वर्षांचा पोरगा. माझ्या मते तो 'रशियाविरुद्ध' गेला असं म्हणण्यापेक्षा आपल्या राजाच्या मुलामागे गेला असं म्हणावं. घराण्याचं कामच ते होतं.

---

तळटीप

पटलं. आणि नंतर घराण्याचं काम बदललं?

---

मत्स्मिंदाची पायरी

नाही. राजा उरला नाही.

बघा ना, पार्नाओझ पकडला गेला, रशियात नेला गेला, आणि १८५२ मध्ये पीटर्सबर्गमध्येच वारला. राजघराण्यातल्या जवळजवळ सगळ्यांना उत्तरेला हलवलं. ते काम करणारा सेनापती त्सित्सियानोव्ह हा स्वतः मूळचा जॉर्जियन, त्सित्सिश्विली घराण्यातला, मॉस्कोत वाढलेला. गिओर्गीची विधवा राणी मरियम हिला न्यायला जनरल लाझारेव्ह आला, १८०३ मध्ये, तेव्हा तिने त्याला खंजिराने भोसकून ठार केलं. मग तिची रवानगी मठात.

आणि जो शरण आला नाही त्याचंही पाहा. एरेक्लेचा दुसरा मुलगा, हाही अलेक्झांद्रच. इराणात गेला, चाळीसेक वर्षं रशियाशी भांडत राहिला, १८१२ मध्ये आला, १८२६ मध्ये इराणी फौजेबरोबर आला, दर वेळी परत पळाला. १८४४ मध्ये तेहरानला वारला. चावचावाद्झेसमोर हे दोन नमुने उघड्यावर होते.

---

रिकिबीत पाय

फौजेतून निवृत्त, घोडदळाच्या इतिहासाचा नाद. माझे चार पैसे.

जावकबारनिशी ताई, तुमच्या 'सरकारला हा चालला कसा' या प्रश्नाचं उत्तर मला सोपं वाटतं. तोफा पीटर्सबर्गहून आणता येतात, वाटाड्या आणता येत नाही. कॉकेशसमध्ये रशियाला इराणशी लढायचं, तुर्कांशी लढायचं, डोंगरातल्या लोकांशी लढायचं. उत्तरेतून आलेल्या अधिकाऱ्याला ना भाषा, ना पाण्याची माहिती, ना कोणता खान कोणाचा मेव्हणा ते ठाऊक. चावचावाद्झेला हे घरबसल्या ठाऊक होतं, वर फ्रेंच आणि रशियन अस्खलित. असा माणूस तुम्ही तांबोव्हमध्ये बसवून ठेवता तेव्हा दर दिवशी तुमचंच नुकसान होतं.

त्याची नोकरी बघा. पहिल्या हद्दपारीनंतर थेट पेज कोअरमध्ये, म्हणजे दरबारी घराण्यांतल्या मुलांची लष्करी शाळा. बंडखोराला शिक्षा म्हणून सर्वांत चांगल्या शाळेत घातला! तिथून हुस्सार, म्हणजे हलकं घोडदळ. १८१३-१४ मध्ये बार्कले दे तोलीचा अ‍ॅड्ज्युटंट, म्हणजे नेपोलियनवर चालून गेलेल्या रशियन सेनापतीच्या अगदी खांद्याशी. मग कॉकेशसला परत, निझ्नी नोव्हगोरोद ड्रॅगून रेजिमेंट. नाव रशियातल्या शहराचं, पण तळ काखेतीत कराआगाचला, म्हणजे त्याच्याच मुलखात. हीच पलटण पुढे त्याच्या हाताखाली आली. ड्रॅगून म्हणजे घोड्यावरून जाणारा आणि गरज पडली की उतरून बंदुकीने लढणारा शिपाई. अशा मुलखात यासारखं दळ नाही.

१८२६ ते २८ इराणशी युद्ध. येरेवान पडलं, तुर्कमेनचायचा तह झाला आणि येरेवान-नखिचेवान मिळून 'आर्मेनियन प्रांत' केला. त्याचा कारभार याच्याकडे. लगेच तुर्कांशी युद्ध जुंपलं आणि १८२८ च्या ऑगस्टअखेरीस याने बायाझेत घेतलं. एवढं करून ४ वर्षांनी अटक!

एक माहिती खास ताईंसाठी. रशियन फौजेत खरंच सेवापुस्तक असायचं. त्याला 'फॉर्म्युल्यार्नी स्पिसोक' म्हणत. छापील रकाने: हुद्दा आणि नाव, वय, कोणत्या वर्गातला, पदरी किती कुळं (म्हणजे धन्याच्या ताब्यातली, जमिनीला बांधलेली माणसं) आणि कुठे, सेवेत कधी आला, कोणत्या मोहिमांत होता, भाषा आणि विद्या काय येतात, रजेवर किती होता, कधी खटल्यात किंवा दंडात होता का, लग्न-मुलं, आणि शेवटी बढतीस योग्य आहे की नाही. पदरच्या कुळांच्या रकान्यात 'आत्मे' मोजत. म्हणजे फक्त पुरुष.

---

जावकबारनिशी

अगं बाई! फक्त पुरुष का?

---

रिकिबीत पाय

कर पुरुषांवर होता म्हणून. बाया कराच्या हिशोबात नसत.

---

कोपऱ्यातला वाचक

आता कुणी तरी आपल्याकडच्या संस्थानिकांशी तुलना सुरू करेल आणि धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल. हात जोडतो, नको.

---

फाळ

तुलना नाही करत. पण 'आत्म्यां'विषयी बोलायचंय. वरच्या तिन्ही-चारही प्रतिसादांत वाडा आहे, फौज आहे, दरबार आहे. ज्यांच्या घामावर वाडा उभा होता ते कुठे आहेत?

१८१२ च्या नोंदीवरून तुम्ही सगळे चटकन पुढे गेलात. मी तिथेच थांबतो. ते बंड अहमेता गावापासून सुरू झालं, जानेवारी संपता संपता. कारण? आदल्या वर्षी पीक बुडालं होतं, लोक उपाशी होते, आणि फौजेला धान्य हवं होतं. सरकारने धान्य सक्तीने, आपल्या भावाने उचलायला सुरुवात केली. शिपाई घराघरांत घुसले, आणि मग तिथे जे होतं ते झालं. गावकऱ्यांनी शिपाई मारले. बघता बघता अख्खं काखेती पेटलं. तेलावी, सिघनाघी. रशियन सेनापती मार्क्विस पाउलुच्ची फौज घेऊन आला आणि बंड चिरडलं. चावचावाद्झे त्या फौजेत होता. आपल्याच तालुक्यातल्या माणसांवर, कदाचित आपल्याच वाड्याला द्राक्षं घालणाऱ्यांवर.

त्याआधी एकच वर्ष, १८११ मध्ये, जॉर्जियन चर्चची शतकानुशतकांची स्वायत्तता काढून घेतली होती, कॅथोलिकोसला, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूला, रशियात नेलं होतं. म्हणजे राजा गेला, धर्मगुरू गेला, शेवटी भाकरी गेली. शेतकरी तिसऱ्याला उठला. सरदार त्याच्या समोरच्या बाजूला उभा होता.

आणि गंमत बघा (मला ती गंमत वाटत नाही). पहिल्या कैदेत असताना याच चावचावाद्झेने एक कविता लिहिली. 'धिक्कार या जगाचा आणि यात राहणाऱ्यांचा' असा काहीसा तिचा सूर. कुळांना पिळणाऱ्या धन्यांवर थेट कोरडे. हस्तलिखितात हातोहात फिरली. आता तो मेला १८४६ ला. तिबिलिसी प्रांतातली कुळं धन्याच्या बेडीतून सुटली १८६४ ला. तेही धन्याने सोडली नाहीत, सरकारी फर्मानाने सुटली. लिहिल्यापासून तो मरेपर्यंतची ४० वर्षं ती कविता वाड्यात कुठल्या कपाटात होती?

'याला सरकार चाललं कसं' याचं उत्तर मला त्या तहाच्या कलमात दिसतं, जे मत्स्मिंदा ताईंनी लक्षात ठेवायला सांगितलं. राज्य गेलं, सरदारी राहिली. जॉर्जियात उमराव लोकसंख्येच्या मानाने रशियापेक्षा कितीतरी जास्त होते. मोठे 'तावादी', लहान 'अझ्नाउरी'. रशियाने कागदपत्रं मागितली, याद्या केल्या, आणि ज्याचं नाव यादीत लागलं त्याची कुळं पक्की. राजापेक्षा झारच्या राज्यात कुळांवरचा ताबा जास्त घट्ट झाला. मग कशाला चालणार नाही?

---

मत्स्मिंदाची पायरी

फाळ, तुमचा राग रास्त आहे आणि १८१२ वर मी उगाच पटकन पुढे गेले हेही खरं. पण 'सरदारी राहिली' एवढ्यानेच भागलं असतं तर १८३२ झालंच नसतं.

तो कट सरदारांचाच होता. यादीत ज्यांची नावं पक्की होती, ज्यांच्या खांद्यांवर रशियन पट्ट्या होत्या, त्यांचा. बेत असा: तिबिलिसीत मोठा नाच ठेवायचा, रशियन बडे अधिकारी येतील, तिथेच त्यांना धरायचं किंवा संपवायचं, शस्त्रागार ताब्यात घ्यायचं, आणि इराणातून त्या पळालेल्या राजपुत्राला आणून गादीवर बसवायचं. २० डिसेंबर ही तारीख ठरली. १० दिवस आधी त्यांच्यातल्याच एकाने, इयासे पालावांदिश्विलीने, आपल्या भावाला सांगितलं. भाऊ तिबिलिसीचा गव्हर्नर. खलास. १४५ जण धरले गेले. १० जणांना आधी मृत्युदंड सुनावला, मग झार निकोलायने तो हद्दपारीवर आणला. सर्वांत वाईट झालं ते सोलोमोन दोदाश्विलीचं. हा शिक्षक, सरदार नव्हे, गरीब पाद्र्याचा मुलगा. रशियात व्यात्काच्या थंडीत क्षयाने १८३६ मध्ये गेला. वय ३१.

चावचावाद्झेचा यात हात किती, यावर आजही वाद आहे. कटवाले त्याच्या घरी येत-जात, अर्धे तर नात्यातले. त्याला ठाऊक होतं, एवढं बहुतेक सगळे मानतात. त्याने ते वर कळवलं नाही. रशियन जनरलने कळवायला हवं होतं. तांबोव्हचं दुसरं तिकीट मला वाटतं त्या न कळवण्याचं आहे.

आणि तिथून सुटल्यावर त्याने काय केलं? १८०१ ते १८३१ या ३० वर्षांत जॉर्जियाचं काय झालं यावर रशियन भाषेत एक टिपण लिहिलं, झारने वाचावं म्हणून. कारभार कुठे कुठे चुकला ते त्यात आहे. हद्दपारीतून आलेला माणूस पहिलं काम हे करतो! ताई, तुमच्या शाखेत असा एक तरी असेल. निलंबन संपवून रुजू होतो आणि पहिल्याच दिवशी साहेबाच्या टेबलावर दहा पानी टिपण ठेवतो.

---

जावकबारनिशी

होता एक. टिपण बरोबर असायचं, तेच अवघड.

---

वहीतलं पान

मी फक्त कवितेपुरतं बोलते. या घरातल्या दोन मुलींशिवाय हे चरित्र पुरं होत नाही.

थोरली नीनो. १८२८ च्या ऑगस्टमध्ये तिचं लग्न रशियन नाटककार आणि मुत्सद्दी ग्रिबोयेदोव्हशी लागलं, वर ज्याचा उल्लेख आला त्याच सिओनीच्या चर्चमध्ये. ती १५ वर्षांची. तो इराणला राजदूत म्हणून चालला होता. तिला तब्रीझला ठेवून पुढे तेहरानला गेला आणि १८२९ च्या जानेवारीअखेरीस जमावाने वकिलातीवर चालून जाऊन त्याला ठार केलं. नीनो गरोदर होती. मूल जगलं नाही. तिने पुन्हा लग्न केलं नाही. १८५७ मध्ये कॉलऱ्याने गेली. तिबिलिसीतल्या म्तात्समिंदा डोंगराच्या उतारावर त्याच्या थडग्यावर तिने कोरून घेतलंय: तुझी बुद्धी आणि तुझं काम रशियाच्या स्मरणात अमर आहे, पण माझं प्रेम तुझ्यामागे का उरलं? बघा, 'रशियाच्या स्मरणात'. हे एका जॉर्जियन मुलीने लिहिलंय, जिच्या बापाला रशियाने दोनदा कैदेत टाकलं.

दुसरी एकातेरिने. तिच्यावर निकोलोझ बाराताश्विली नावाच्या तरुणाचा जीव जडला. त्याला फौजेत जायचं होतं, पण शाळेत जिन्यावरून पडून पाय अधू झालेला. म्हणून कारकुनी करत राहिला. (ताई, तुमच्या जातकुळीचा!) एकातेरिनेने मिंग्रेलिया या पश्चिम जॉर्जियातल्या संस्थानाच्या राजपुत्राशी, दाविद दादियानीशी, लग्न केलं. बाराताश्विली २७ व्या वर्षी गांजा नावाच्या शहरात तापाने वारला, १८४५ ला, जवळजवळ काहीच छापून न येता. आज जॉर्जियन भाषेत त्याच्याएवढा लाडका कवी क्वचितच.

हे सांगायचं कारण, तुमच्या प्रश्नावरच त्याने १८३९ मध्ये एक दीर्घ कविता लिहिली होती, 'कार्तलीचं नशीब'. म्हातारा एरेक्ले आणि त्याचा न्यायाधीश सोलोमोन वाद घालतात. राजा म्हणतो, लोक थकलेत, रशियाकडे गेलं की निदान शांतता मिळेल. सोलोमोन म्हणतो, स्वातंत्र्याची सवय असलेल्याला ती शांतता पचायची नाही. कवी कोणाच्याच पारड्यात उघड वजन टाकत नाही. १८३२ च्या कटवाल्यांत त्याचा सख्खा मामा होता, ग्रिगोल ओर्बेलियानी. तोही कवी, तोही धरला गेला, आणि पुढे तोही रशियाचा मोठा जनरल झाला. म्हणजे चावचावाद्झे हा अपवाद नव्हे हो, ताई. ती अख्खी पिढीच तुमच्या शाखेला खुलासा मागायला लावणारी.

---

फाळ

ओर्बेलियानीचं मान्य. मामा-भाच्यात कारकून भाचाच मला जास्त पटतो, एवढंच म्हणतो.

---

तळटीप

माझं 'उत्तर संपलं' मागे घेतो. पण मालमत्तेचं पुढे काय झालं ते कुणी सांगेल का? पैशाचा माग काढल्याशिवाय मला झोप येत नाही.

---

रिकिबीत पाय

तळटीप, मालमत्तेची गोष्ट त्याच्या मुलाची, दाविदची. हाही रशियन अधिकारी. १८५४ च्या जुलैत इमाम शामिलच्या (रशियाशी लढणाऱ्या डोंगरी लोकांचा पुढारी) लोकांनी डोंगर उतरून त्सिनांदालीवर धाड घातली. दाविद जवळच्याच एका गढीच्या बचावात गुंतलेला. वाडा लुटून जाळला. त्याची बायको आन्ना, मेहुणी वार्वारा, मुलं, एक फ्रेंच शिक्षिका, सगळ्यांना घोड्यांवर घालून नेलं. आन्नाच्या हातून तान्ही मुलगी लिदिया पळत्या घोड्यावरून निसटली आणि गेली. आन्ना ही गिओर्गी बाराव्याची नात, म्हणजे शेवटच्या राजाची.

८ महिने कैद. १८५५ च्या मार्चमध्ये अदलाबदल झाली: शामिलला त्याचा मुलगा जमालुद्दीन परत आणि वर ४० हजार रुबल. हा जमालुद्दीन १८३९ मध्ये पोरवयात रशियाकडे ओलीस गेलेला, रशियातच वाढलेला, रशियन अधिकारी झालेला. त्याला बापाकडे परत जाणं जड गेलं. ३ वर्षांत क्षयाने वारला. म्हणजे दोन्ही बाजूंना झारच्या गणवेशातला एकेक परका.

४० हजार रुबल उभे करायला दाविदने जमीन गहाण टाकली. कर्ज फिटलं नाही. शेवटी त्सिनांदाली झारच्या कुटुंबाच्या मालकीची झाली.

---

जावकबारनिशी

सर्वांचे आभार. चहा थंड झाला दोनदा, पण तुमचं सगळं वाचून मी रिकिबीत पाय यांच्या रकान्यांत पुस्तक पुन्हा लिहायला घेतलं.

कोणत्या वर्गातला: तावादी. (मूळ नियोक्ता १८०१ मध्ये बंद. कर्मचारी वर्ग. संमती घेतल्याची नोंद आहे, बाहेर फौज होती.) हे वाक्य लिहिलं आणि माझा निम्मा गोंधळ तिथेच मिटला. मी 'एकच सरकार' धरून चालले होते. खातं बंद करून माणसं दुसऱ्या खात्यात वर्ग करतात तेव्हा काही जण मरेपर्यंत जुन्या खात्याचंच नाव सांगतात आणि काम मात्र नव्याचं चोख करतात. अशी माणसं मी पाहिलीत.

भाषा आणि विद्या: जॉर्जियन, रशियन, फ्रेंच. व्हॉल्तेअर आणि पुश्किनची भाषांतरं. सेवान सरोवरावर कविता, त्यात पडकी शहरं.

मोहिमा: भरपूर. १८१२ ला दोन ओळी लागतील. फाळ, दुसरी ओळ तुमची, ती मी पेन्सिलीने नाही, शाईने घातली.

खटला किंवा दंड: दोनदा. कारण, पहिल्यात जाऊन मिळाला, दुसऱ्यात वर कळवलं नाही.

पदरचे आत्मे: आकडा माझ्याकडे नाही. आणि असता तरी त्यात बाया नसत्या.

मालमत्ता: वारसाकडून गहाण, पुढे मालकाकडेच जमा. इथे मी जरा वेळ पेन खाली ठेवलं.

बढतीस योग्य आहे काय: योग्य.

मुलीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, आई, तुझी परीक्षा आहे की माझी? पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय. त्याची समाधी कुठे आहे? वाड्यात तर दिसली नाही.

---

मत्स्मिंदाची पायरी

शुआम्ताच्या मठात. तेलावीहून टॅक्सी करा, जवळच आहे. पण चालकाला 'अखाली शुआम्ता' असं स्पष्ट सांगा, अखाली म्हणजे नवं. नाहीतर तो तुम्हाला वरच्या जंगलातल्या जुन्या शुआम्ताला नेऊन सोडेल. तेही सुंदर आहे म्हणा, पण तिथे तो नाही. आणि डोक्याला रुमाल घेऊन जा.